जातिवंत कोंबड्या : लेखांक सहावा – ऑर्पिंग्टनची पैदास

मागच्या लेखांकात चीनमधून इंग्लंडात गेलेल्या कोचीन आणि लँगशान आपण पाहिल्या. आजची ऑर्पिंग्टन त्यांच्याच वंशातली. विल्यम कुक या एकेकाळच्या घोडागाडीवानाने केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टन गावी मिनॉर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक यांच्या संकरातून १८८६ साली काळी ऑर्पिंग्टन तयार केली. अंडीही द्यावी आणि मांसालाही चालावी, एवढा सरळ हिशेब. १८९४ मध्ये डॉर्किंग, हॅम्बर्ग आणि बफ कोचीन यांच्यापासून त्याने बदामी ऑर्पिंग्टन काढली.

ही वंशावळ पैदासकाराला रोज उपयोगी पडते, कारण पिल्लांतले दोष बहुधा तिथूनच येतात. नडगीवर पीस फुटलं तर ते लँगशान-कोचीनचं. काळ्या वाणात कानाची पाळी पांढरी पडली तर मिनॉर्का, पाय पिवळे निघाले तर प्लिमथ रॉक. बदामीत पाचवं बोट दिसलं की तो डॉर्किंगचा वारसा. मानकाप्रमाणे नडगी स्वच्छ, बोटं चार, कानाच्या पाळ्या लाल आणि कातडी पांढरी हवी. नडगीवरची पिसं आणि जास्तीचं बोट पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच दिसतात, म्हणून पहिली छाटणी तेव्हाच उरकावी. कानाच्या पाळीसाठी मात्र काही महिने थांबावं लागतं.

दुसरी छाटणी आकाराची. अमेरिकन मानकात पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचं वजन १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि कोंबडीचं ८ पौंड आहे. अंग रुंद, खोल आणि जमिनीलगत. पाठ आखूड आणि शेपटीकडे बाकदार चढत गेलेली. ऑर्पिंग्टन सावकाश भरते, त्यामुळे चार महिन्यांच्या तलंगेवर निकाल देऊ नये. फुगीर पिसारा डोळ्यांना फसवतो. पक्षी हातात घ्यावा, पिसांखाली बोटं घालून छातीची रुंदी आणि दोन पायांमधलं अंतर चाचपावं. गुदद्वाराभोवती पिसं फार दाट झाली की मीलन नीट होत नाही आणि अंडी अफलित निघतात. पैदाशीच्या हंगामात तिथली पिसं कातरावी लागतात.

रंगाची पाळी शेवटी. आकार बिघडला तर तो परत मिळवायला कित्येक पिढ्या जातात. रंग त्यामानाने लवकर सुधारतो. बदामीत मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखी छटा हवी, पंखात वा शेपटीत काळं-पांढरं नको. ऊन लागून बदामी रंग फिका पडतो, म्हणून पक्षी नव्या पिसांवर आल्यावरच छटा पाहावी. निळ्या वाणाचं गणित वेगळं: निळ्याला निळा जोडला तर सरासरी चारांत दोन पिल्लं निळी, एक काळं आणि एक पांढुरक्यावर शिंतोडे असलेलं निघतं. सगळी निळीच हवी असतील तर काळ्याशी शिंतोडेवालं जोडावं.

एवढं सारं साधलं, तरी मानकाच्या पानावर एक रकाना नाही: अंड्यांचा. प्रदर्शनातला परीक्षक पिंजऱ्यातला पक्षी पाहतो, त्याचं वर्षभराचं देणं त्याला दिसत नाही. कुकनंतर काही वर्षांतच जोसेफ पार्टिंग्टनसारख्या प्रदर्शनकारांनी लँगशान-कोचीन संकराची भारदस्त, दाट पिसांची ऑर्पिंग्टन मांडली. बक्षिसं तिला मिळाली आणि अंडी मागे पडली. ऑस्ट्रेलियात गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनचं नशीब निराळं निघालं. तिथल्या लोकांनी निवड केली ती अंडी मोजून. १९२२-२३ मध्ये तिथल्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत सरासरी ३०९.५ अंडी दिली. तीच जात ऑस्ट्रॉलॉर्प. आपल्याकडे परसातल्या कुक्कुटपालनात जी ‘ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प’ दिसते, ती ऑर्पिंग्टनचीच लेक.

तेव्हा ऑर्पिंग्टन पाळणाऱ्याने वह्या दोन ठेवाव्यात. एकीत मानकाचे गुण, दुसरीत प्रत्येक कोंबडीची अंडी आणि उबवणीचा हिशेब. पुढच्या हंगामाचा कोंबडा निवडताना त्याच्या आईचं नाव दोन्ही वह्यांत वरच्या ओळींत हवं. पहिल्या वहीने जातीचं रूप टिकतं. दुसरी नसेल, तर कुकने जे मिळवायला ही जात काढली तेच हातचं जातं.

(पुढील लेखांक : ससेक्स)