पोह्यांना किती गुण?

मुलानं सकाळी काही खाल्लं का, हे विचारणं सोपं. जे खाल्लं त्याचा कस लावणं अवघड. आहारतज्ज्ञ मागच्या चोवीस तासांत पोटात काय काय गेलं याची उजळणी करून घेतात. समोर वाट्या, चमचे, पेले मांडतात, कारण मुलांना ग्रॅम कळत नाहीत. (मोठ्यांना तरी कुठे कळतात?) मग कोष्टकं उघडून प्रथिनं, लोह, उष्मांक काढायचे.

पण कोष्टक कोणतं? सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम पोह्यांमागे २० मिलिग्रॅम लोह आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकात ते पाचच्याही खाली आहे. बशी तीच, पण पोह्यांतल्या लोहाची ख्याती एका फटक्यात पाव!

गुण देण्याच्या पद्धतीही परक्या मुलखातल्या. स्पेनमधली २००४ची ‘किडमेड’ प्रश्नावली न्याहारी चुकली किंवा बेकरीतलं गोडधोड खाल्लं तर एकेक गुण कापते. धान्य आणि दूधदुभतं असेल तर एकेक देते. पोह्यांना धान्याचा गुण मिळेल, पण वरच्या शेंगदाण्यांना त्या न्याहारीत काहीच नाही. आपल्याकडे तर खरी बाजी तेच मारतात.

हिशेब पाहा. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम प्रथिनं लागतात. चौथा हिस्सा न्याहारीचा धरला तर आठ ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांतून जेमतेम चार मिळतात. त्यात २० ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर शेंगदाणे घातले की आणखी पाचेक. वर लिंबू पिळलं तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. लगेच चहा प्यायला तर त्यातली टॅनिन्स त्यात खोडा घालतात.

चहा-बिस्किटांचं काय? पाच-सहा ग्लुकोज बिस्किटांत प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. साखर मात्र चहातली धरून पंधराच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवायला सांगते. शाळेची घंटा होण्याआधीच निम्म्याहून अधिक वाटा संपलेला असतो. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही एवढंच.

तेव्हा पोह्यांत बटाटा वाढवण्याऐवजी शेंगदाणे वाढवा, लिंबाची फोड विसरू नका आणि मुलांचा चहा बंद करवत नसेल तर निदान तासभर पुढे ढकला.