पासवर्ड न विचारता सुरू होणारा कॉम्प्युटर

घरचा कॉम्प्युटर लावला की थेट डेस्कटॉप हवाय? विंडोज १० किंवा ११ मध्ये मी असं करतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड टाइप करून एंटर. 'युजर्स मस्ट एंटर' या ओळीची टिक काढायची, अप्लाय, मग अकाउंटचं नाव आणि दोनदा पासवर्ड. पिन नाही, पासवर्डच! टिकची चौकटच दिसत नाही? साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलो'वालं बटण बंद करा.

पण थांबा. आता मशीन सुरू करेल त्याला तुमचे मेल, फोटो सगळं उघडं. म्हणून घरच्यांसाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट काढा, तेच आपोआप उघडू दे. बँकेची कामं आपल्या पासवर्डवाल्या अकाउंटमधूनच. आणि लॅपटॉप बाहेर नेत असाल, तर हा उद्योग नकोच!