परीक्षेचे वर्ष आणि सम्यक व्यायाम

दहावीची परीक्षा जवळ आली की आपल्या वस्त्यांतील घराघरांत एक वेगळीच शांतता पसरते. टीव्ही बंद होतो, गावाकडच्या पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' असे कळविले जाते आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे वा मुलीकडे घरातील प्रत्येक जण काहीशा आशेने व काहीशा धास्तीने पाहू लागतो. राज्य मंडळाची ही परीक्षा ६०० गुणांची आहे. परंतु बौद्ध घरात ती तेवढ्यावर थांबत नाही. ज्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले, ज्या आजीच्या हाती पाटी कधी आलीच नाही, ज्या वडिलांना मॅट्रिक होताच कामाचा शोध घ्यावा लागला, त्या सर्वांचे राहून गेलेले शिक्षण त्या एका गुणपत्रिकेत भरून काढावयाचे असते. हे ओझे मुलांना कोणी मोजून दाखवीत नाही. तरी ते त्यांना नेमके कळते.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र ज्या समाजाने जीवनाचा आधार मानला, त्या समाजातील पालकांना 'मुलांवर अभ्यासाचा आग्रह धरू नका' असा सल्ला देणे फोलच नव्हे तर घातक होईल, हे आम्ही जाणतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता आहे त्यांना असला सल्ला परवडतो. आपला प्रश्न निराळा आहे : आग्रह राहावा आणि मूलही राहावे, हे कसे साधेल?

अनेक घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, तुला दोन तास बसवत नाही?' जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. अभिवादन म्हणून ते स्तुत्यच आहेत. परंतु वर्षातील एका दिवसाचे अभिवादन हे रोजच्या दिवसाचे मोजमाप ठरविणे अगदी वेगळे. बाबासाहेबांची ती अखंड ग्रंथसाधना प्रामुख्याने परदेशातील उच्च शिक्षणाच्या काळातील आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते आणि ध्येय त्यांनी स्वतः निवडलेले होते. शाळकरी वयातील भीमरावांचे चित्र याहून वेगळे आहे. साताऱ्यास असताना त्यांचे मन बागकामात व शेळ्यांत रमे. शाळा सोडून मुंबईच्या गिरणीत काम मिळवावे, असेही त्यांच्या मनाने एकदा घेतले होते. अभ्यासाची गोडी त्यानंतर लागली. धनंजय कीर यांच्या चरित्रात १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेचे त्यांचे गुण दिलेले आहेत : ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. जे पालक मुलापुढे बाबासाहेबांचे उदाहरण ठेवतात, त्यांनी हा आकडाही मुलाला अवश्य सांगावा.

आणि उदाहरण घ्यावयाचेच तर पालकांनी ते सुभेदार रामजींचे घ्यावे, असे आम्हांस वाटते. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. दिवसा व संध्याकाळी तेथे अभ्यास होणे अशक्य. रामजींनी यावर उपाय शोधला. ते मुलाला लवकर झोपावयास सांगत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवीत आणि त्यानंतर आपण पाठ टेकीत. या हकिगतीतून 'पहाटे दोनला उठावे' एवढाच बोध अनेक जण घेतात. वास्तविक तीत मुलाची झोप अगोदर पुरी करून घेतलेली आहे. जागरण वडिलांनी आपल्या वाट्यास घेतले आहे. मुलाला पुस्तक हवे असले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे उसने पैसे मागत. पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच तो सोडवून देत. उपदेश रामजींनीही केला असेलच. पण मुलाच्या स्मरणात राहिले ते हे जागणे व हे पुस्तक.

आता तथागतांकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात व विनयाच्या महावग्गात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरात अत्यंत सुखात वाढलेला हा तरुण राजगृहाजवळील सीतवनात साधना करीत होता. चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त येऊ लागले, तरी फळ दिसेना. तेव्हा 'आपल्या हातून हे होणार नाही, घरी परतावे' असा विचार त्याच्या मनात आला. भगवान त्याच्याकडे आले. त्यांनी त्याचा धिक्कार केला नाही, इतर भिक्खूंशी तुलना केली नाही. त्यांनी विचारले की, तू गृहस्थ असताना वीणा चांगली वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर ती वाजे काय? फार सैल सोडल्या तर? सोणाने स्वतःच्याच अनुभवातून उत्तर दिले, आणि त्या उत्तरातून तथागतांनी वीर्याच्या समतेचा उपदेश केला. सम्यक व्यायामाचा हा अर्थ आहे.

मराठीत 'ताण' हा शब्दच मुळी तारेचा आहे. ताण मुळीच नसलेली तार वाजत नाही. तेव्हा परीक्षेच्या वर्षी थोडी धडधड असणे हे काही दुखणे नव्हे. परंतु या सुत्तात आम्हांस अधिक मोलाची वाटते ती तथागतांची पद्धती. उपदेशाचा आरंभ प्रश्नाने झाला आहे, आणि तो प्रश्न ज्या गोष्टीत सोण निपुण होता तिच्याविषयी आहे. आपल्या घरांत प्रश्न विचारले जातात, नाही असे नाही. 'किती धडे झाले? चाचणीत किती पडले?' पण हे प्रश्न हिशेब तपासनिसाचे आहेत. कबड्डीत तरबेज असलेल्या मुलाला 'सामन्याच्या आदल्या दिवशी तू काय करतोस?' असे विचारून पाहावे. तो स्वतःच सांगेल की आदल्या दिवशी अंग मोडेपर्यंत सराव कोणी करीत नाही.

दुसरी कथा चूळपंथकाची. थेरगाथेत ती त्याच्याच मुखी आलेली आहे. अट्ठकथा सांगते की चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. ज्येष्ठ बंधू महापंथक हा स्वतः विद्वान भिक्खू. त्याने त्याला 'घरी जा' म्हणून बाहेर घालविले. संघारामाच्या दाराशी तो खिन्न होऊन उभा असता भगवान आले. त्यांनी प्रथम त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, मग दंड धरून त्याला आत नेले, आणि मग त्याच्या हाती एक वस्त्र देऊन चित्त एकाग्र करण्याचा निराळा मार्ग दाखविला. अट्ठकथेत त्याच्या मंदबुद्धीला पूर्वजन्मीच्या कर्माचे कारण जोडले आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पनाच नाकारली असल्याने तो भाग आपण सोडून द्यावा. क्रम मात्र सोडू नये : आधी हात, मग धडा. वाचलेले काही केल्या लक्षात न राहणारी मुले आपल्याही घरांत आहेत. काहींना अक्षरे ओळखण्याचीच अडचण असते. अशा अध्ययन-अक्षमतेची तपासणी होऊ शकते आणि प्रमाणपत्र मिळाल्यास मंडळाच्या परीक्षेत अधिक वेळेसारख्या सवलतीही मिळतात. त्यांना 'ढ' म्हणणारा महापंथक प्रत्येक नात्यात सापडतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. आपल्या मुलांचा सर्वच ताण अभ्यासक्रमाचा नसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज वर्गात मोठ्याने वाचून दाखविला जातो, आडनावावरून शेरा मारला जातो, 'तुम्हांला काय, कमी गुणांतही मिळते' असे शेजारच्या बाकावरून ऐकावे लागते. मूल घरी येऊन 'डोके दुखते' एवढेच सांगते आणि पालक त्यावर गोळी देतात. शाळेत जाण्याची टाळाटाळ, एखाद्याच विषयाच्या तासाची भीती, एकाएकी तुटलेली मैत्री, अशा वेळी जातीचा प्रश्न पालकांनीच आपणहून, शांतपणे काढावा. मुले तो काढीत नाहीत, कारण आईवडिलांना दुःख होईल हे त्यांना ठाऊक असते. 'सहन कर, शिकून मोठा हो' हे उत्तर मागच्या पिढीला निरुपायाने द्यावे लागले. आज पालकाने मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी; उघड जातिवाचक अवमान असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आपला पालक आपल्यासाठी शाळेत गेला, एवढ्यानेच मुलाचा अर्धा भार उतरतो.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. ज्यांच्या घरी एकच खोली आहे त्यांनी विहाराची अभ्यासिका वापरावी, आणि नसेल तर विहार समितीकडे ती मागावी. एखादी प्रश्नपत्रिका अवघड गेली तर त्या संध्याकाळी तिची उजळणी करू नये. संयुत्त निकायात एका बाणाने विद्ध झालेल्याला दुसरा बाण लागण्याचा दृष्टान्त आहे. पेपर हा पहिला बाण, घरातील उलटतपासणी हा दुसरा. निकालाआधीच मुलाला सांगून ठेवावे की राज्य मंडळ २०१५ पासून अनुत्तीर्णांसाठी त्याच वर्षी पुन्हा परीक्षा घेते, एकदोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळू शकतो, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतन हे दुय्यम मार्ग नाहीत. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांच्या पाच कर्तव्यांत अपत्याला शिल्प शिकविणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. कोणते शिल्प, हे सांगितलेले नाही.

मूल जेवणे टाळू लागले, झोप उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

राहता राहिला निकालानंतरचा गुणगौरव. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजबांधवांनी त्यांच्या सत्काराची सभा घेतली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकच्या वेळचा देतात. बाबासाहेबांनी स्वतः तो इंग्रजी चौथीनंतरचा म्हणून सांगितला आहे. रामजींनी या सभेला आधी नकार दिला होता. मुलाने केवळ एक परीक्षा उत्तीर्ण केली आहे, याहून अधिक काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही सभा झाली, आणि त्या पुस्तकाने पुढे काय घडविले हे वाचकांना सांगावयास नको. आज आपल्या अनेक विहारांतील गुणगौरवाच्या पत्रकावर '८० टक्क्यांहून अधिक गुण मिळविणाऱ्यांनीच नावे द्यावीत' असे छापलेले असते. त्या अटीने ७५० पैकी २८२ गुणांचा विद्यार्थी मांडवाबाहेरच राहिला असता. येत्या निकालानंतर विहार समित्यांनी ही ओळ पत्रकातून काढावी, परीक्षेस बसलेल्या प्रत्येक मुलामुलीस बोलवावे, अनुत्तीर्ण झालेल्यांसही, आणि प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक द्यावे.