सदोष अपडेट आणि न घेतलेलं अपडेट

दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर परत देताना दुकानदार हमखास सांगतो, "अपडेट बंद करून दिलंय, आता त्रास नाही." ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. सीएंची ऑफिसं, शाळांच्या लॅब, दवाखान्यातल्या रिसेप्शनचा कॉम्प्युटर, सगळीकडे हा सल्ला पाळला जातो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: सिक्युरिटी अपडेटच कॉम्प्युटर बिघडवतात, २०१८ मध्ये बघितलं ना काय झालं! हे इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकू येतं, की २०१८ मध्ये नेमकं काय झालं ते एकदा नीट सांगायलाच हवं.

जे झालं ते गंभीरच होतं. ३ जानेवारी २०१८ रोजी प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधन गटातले यान हॉर्न, ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाचे संशोधक आणि आणखी काही जणांनी त्या शोधल्या होत्या. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढचं काम काय असेल याचा अंदाज बांधून ते आधीच उरकून ठेवतो. रोजचं गिऱ्हाईक दारात दिसताच हॉटेलवाल्याने न सांगता चहा टाकावा, तसं. गिऱ्हाईक माघारी फिरलं तर चहा ओतून देता येतो, पण पातेलं गरम राहतं. प्रोसेसरच्या कॅशमध्ये मागे राहणाऱ्या अशाच खुणांवरून एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याचे पासवर्ड ओळखू शकतो, हे या संशोधकांनी सिद्ध केलं. मेल्टडाउनच्या टप्प्यात १९९५ नंतरचे इंटेलचे जवळपास सगळे प्रोसेसर येत होते. चूक चिपमध्ये होती आणि कोट्यवधी चिपा बदलणं अशक्य होतं. त्यामुळे बराचसा भार ऑपरेटिंग सिस्टिमने उचलला आणि तिच्या गाभ्यातच फेरफार करावे लागले.

ही घोषणा खरं तर ९ जानेवारीला व्हायची होती. बातमी आधीच फुटली आणि मायक्रोसॉफ्टने ३ तारखेलाच अपडेट सोडलं. एएमडीचे काही जुने प्रोसेसर असलेले कॉम्प्युटर ते बसवल्यावर विंडोजच्या लोगोपाशीच अडकून पडले. या लोकांचा संताप अगदी रास्त होता. मेल्टडाउनचा धोका एएमडीला नव्हताच, आणि बंद पडले ते त्यांचेच कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टने त्या मशीनसाठी अपडेट थांबवलं आणि एएमडीचे काही चिपसेट आधी मिळालेल्या माहितीपत्रकांनुसार वागत नाहीत, असं कारण दिलं. काही अँटिव्हायरस विंडोजच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, मेमरीत नको तिथे शिरत असल्याने निळी स्क्रीन येऊ लागली. मग अँटिव्हायरस सुसंगत असल्याची नोंद रजिस्ट्रीत होईपर्यंत अपडेट मिळणारच नाही, असा नियम करावा लागला.

त्यानंतर इंटेलची पाळी आली. स्पेक्टरसाठी दिलेल्या मायक्रोकोडमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या बदलामुळे, मशीन आपोआप रिस्टार्ट होत असल्याने २२ जानेवारीला इंटेलनेच तो बसवणं थांबवायला सांगितलं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी तर इंटेलच्या दुरुस्त्यांना जाहीरपणे कचरा म्हटलं. महिना संपण्याआधी मायक्रोसॉफ्टला स्पेक्टरची ती दुरुस्ती बंद करणारं वेगळं अपडेट काढावं लागलं.

यातला सर्वांत वाईट भाग मार्चमध्ये उघड झाला. स्वीडिश संशोधक उल्फ फ्रिस्क यांनी दाखवलं की ६४ बिट विंडोज ७ साठी जानेवारीत दिलेल्या दुरुस्तीनेच मेल्टडाउनपेक्षा मोठं भगदाड पाडलं होतं. मशीनवरचा कोणताही प्रोग्रॅम संपूर्ण मेमरी वाचू शकत होता आणि तिच्यात लिहूही शकत होता. २९ मार्चला मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती दिली.

तेव्हा सिक्युरिटी अपडेट सदोष असू शकतं, हे खरं आहे. ज्यांचे कॉम्प्युटर बंद पडले त्यांना "तुमचंच काहीतरी चुकलं असेल" असं सांगणं हा अन्याय आहे. पण यावरून अपडेट बंद ठेवावं असा निष्कर्ष कसा निघतो? फ्रिस्क यांनी दाखवलेलं भगदाडच बघा. जानेवारीचं अपडेट घेऊन, त्रास झाला म्हणून त्यानंतर अपडेट कायमचं बंद करणाऱ्या विंडोज ७ च्या वापरकर्त्याकडे ते भगदाड तसंच उघडं राहिलं. सदोष अपडेटचा इलाज पुढच्या अपडेटमध्येच होता.

आणि २०१८ चा दाखला देणारे २०१७ चं नाव का घेत नाहीत? विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या एका त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली. महिन्याभराने त्या त्रुटीचा फायदा घेणारं, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेकडून चोरलेलं हत्यार इंटरनेटवर उघड झालं. १२ मे रोजी ते वापरून वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर पसरला. दुरुस्ती येऊन जवळपास दोन महिने झाले होते! ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना, म्हणजे ही सेवा देणाऱ्या संस्थांना, याची झळ बसली. हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. दुरुस्ती बसवा, असे इशारे मार्च आणि एप्रिलमध्ये मिळालेले होते. "जुन्या एक्सपीमुळे झालं" हेही पुढे पसरलं, तेही चूक. तिथली बहुतेक बाधित मशीन विंडोज ७ ची होती. विंडोज ७ साठी दुरुस्ती उपलब्ध होती, ती बसवलेली नव्हती.

बिघडलेलं अपडेट मागे घेता येतं, थांबवता येतं, त्यावर नवी दुरुस्ती येते. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फायली, बॅकअप नसेल तर, बहुतेक वेळा कायमच्या जातात. या दोन्ही धोक्यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं आहे, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरबाबत असा निर्णय त्याला न विचारता घेणं बेजबाबदारपणाचं आहे.

"अपडेट मुद्दाम कॉम्प्युटर स्लो करतात" हा समजही त्याच सुमाराचा. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलने बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केल्याचं मान्य केलं होतं, त्यामुळे लोकांना संशय येणं साहजिक होतं. मेल्टडाउन आणि स्पेक्टरच्या दुरुस्त्यांनीही वेग खरोखर घटला, पण नव्या मशीनवर थोडा आणि विंडोज ७ किंवा ८ चालवणाऱ्या जुन्या मशीनवर जाणवेल इतका. मायक्रोसॉफ्टने हे ९ जानेवारीलाच उघड सांगितलं होतं. सुरक्षेची ती किंमत होती, नवा कॉम्प्युटर घ्यायला लावण्याचा डाव नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. १९ जुलै २०२४ ला जगभर निळ्या स्क्रीन आल्या, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटने काहींच्या फायली पुसल्या. तेही सिक्युरिटी अपडेट नव्हतं, नव्या सोयींचं मोठं अपडेट होतं. अँटिव्हायरस असला की अपडेट नको, हे चूक. गाभ्यातली त्रुटी अँटिव्हायरस बुजवत नाही. मॅक आणि लिनक्सला अपडेटची गरज नाही, हेही चूक. मेल्टडाउनच्या दुरुस्त्या त्यांनाही घ्याव्या लागल्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. कॉम्प्युटर चालू राहतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

सदोष अपडेटची भीती वाटत असेल तर तिच्यावर साधा उपाय आहे. विंडोजची सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ती आठवडाभर थांबवा. मोठा घोळ असेल तर तो बहुधा तेवढ्यात कळतो. एखादी त्रुटी वापरून हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल तर मात्र थांबू नका. दोन्ही वेळी आधी आपल्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा, आणि मग अपडेट बसवा.