स्वयंचलित मोटारीचा क्लच : त्याची झीज व बदल

आपल्या तालुक्यांतील शेलूबाजारावरून जाणारा समृद्धि महामार्ग आतां विद्यार्थ्यांना नवा राहिलेला नाहीं. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा पुरा होऊन नागपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता सलग झाला. अशा रस्त्यावर एखादी ठेंगणी, चकचकीत, गर्जना करीत जाणारी परदेशी मोटार दिसली कीं, "ही किती वेगानें पळत असेल?" हा प्रश्न मुलांच्या तोंडून आपोआप निघतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु यंत्र समजून घेण्याची इच्छा असणारानें दुसराच प्रश्न विचारावा : "थांबलेली ही मोटार निघते कशी?" वेगानें पळतांना जो भाग स्वस्थ असतो, तोच निघतांना झिजतो. त्या भागाचें नांव क्लच. त्याची झीज कशी होते व तो केव्हां बदलावा लागतो, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

मोटारीचें इंजिन स्वस्थ उभें राहून काम करूं शकत नाहीं. गाडी थांबली तरी तें मिनिटास सुमारें आठशें फेरे घेत असतें. चाकें मात्र स्थिर असतात. फिरणाऱ्या इंजिनाशीं स्थिर चाकें एकदम जोडलीं तर इंजिन बंद पडेल. म्हणून दोहोंमध्यें असा एक दुवा हवा कीं, जो प्रथम घसरेल, मग हळूहळू पकड घेईल व शेवटीं घट्ट चिकटेल. घरांतील जात्याचे दोन दगड डोळ्यांपुढें आणावे. वरचा दगड फिरत आहे आणि खालचाही फिरावयास मोकळा आहे, अशी कल्पना करा. वरचा दगड अलगद टेकविला तर तो नुसता घसरेल. दाब वाढवीत गेलें तर खालचाही फिरूं लागेल. पुरता दाबला म्हणजे दोन्ही एक होऊन फिरतील. क्लचमध्यें इंजिनाचें जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हा पहिला दगड. घर्षणाचें अस्तर लावलेली क्लच प्लेट हा दुसरा. आणि दाब देणारा हात म्हणजे स्प्रिंगची प्रेशर प्लेट.

यावरून पहिला सिद्धांत निघतो : क्लच अंतरानें झिजत नाहीं, घसरण्यानें झिजतो. दोन्ही भाग एकत्र फिरूं लागले कीं त्यांच्यांत घर्षण उरत नाहीं, म्हणून झीजही नाहीं. नागपुराहून निघून शेंकडों किलोमीटर एका गतीनें गेलेल्या गाडीचा क्लच जितका झिजेल, त्याहून अधिक तो बाजाराच्या दिवशीं गर्दींत तासभर पुढें सरक, थांब, पुन्हां सरक असें केल्यानें झिजेल.

विद्यार्थ्यांनीं हें गणितानें पडताळून पाहावें. चौदाशें किलोग्रॅम वजनाची मोटार सपाट रस्त्यावर थांबलेल्या स्थितींतून ताशीं १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर, या वेगास आली. तिला मिळालेली गतिज ऊर्जा १७,५०० ज्यूल. या अवधींत इंजिनाचे फेरे कायम राहिले असें धरलें, तर जितकी ऊर्जा गाडीस मिळते तितकीच क्लचमध्यें उष्णतेच्या रूपानें खर्च होते. गर्दींत वीस वेळां असें निघावें लागलें तर ३,५०,००० ज्यूल उष्णता झाली. एवढ्यानें एक लिटर पाण्याचें उष्णतामान सुमारें ८३ अंशांनीं वाढेल. आतां तीच मोटार दहा मीटरांस एक मीटर अशा चढावर, ब्रेक न लावतां, केवळ ॲक्सिलरेटर किंचित दाबून जागच्या जागीं तोलून धरली असें समजूं. गाडी तसूभर हलत नाहीं. पण क्लचमध्यें सेकंदास सुमारें ३,००० ज्यूल उष्णता निर्माण होते, जणूं तीन मोठ्या विजेच्या इस्त्र्या त्या बंद डब्यांत पेटविल्या आहेत. एका मिनिटांत दहा वेळां गाडी सुरू केल्याइतकी उष्णता झाली आणि गाडी होती तेथेंच! प्लेट जळते ती अशी.

पूर्वीच्या गाड्यांत हा सारा व्यवहार चालकाच्या डाव्या पायाकडे असे. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. तेव्हांपासून कित्येक पिढ्यांच्या चालकांनीं पायाच्या तळव्यानें क्लचची प्रकृति ओळखली. पकड वर सरकली, गाडी हिसका देऊं लागली, हें त्यांच्या पायास आधीं कळे आणि डोक्यास मागाहून. डावा पाय हा जसा काम करणारा अवयव होता, तसेंच तें एक ज्ञानेंद्रियही होतें.

शर्यतीच्या मोटारींनीं हा पाय मोकळा केला. १९८९ साली जॉन बर्नार्ड यांनीं रचलेल्या फेरारी ६४० या गाडींत सुकाणूमागील लहानशी पट्टी ओढतांच गियर बदलण्याची सोय होती, व त्याच वर्षीं ब्राझीलची शर्यत नायजेल मॅन्सेल यांनीं तिच्यांतून जिंकली. १९९७ साली फेरारी ३५५ एफ-वन या रस्त्यावरील गाडींत ही युक्ति आली. लॅम्बोर्गिनी कंपनीनें २००३ च्या गॅलार्डोमध्यें ती ई-गियर या नांवानें दिली. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, या गाड्यांतील क्लच जुन्याच जातीचा, कोरड्या प्लेटेचा आहे. फक्त पेडल गेलें. पंपानें दाबलेलें तेल क्लच उघडतें व मिटवितें, आणि तें केव्हां व किती हें लहानसा संगणक ठरवितो. अशा बलाढ्य इंजिनाचा पहिला गियर उंच असल्यामुळें मुंगीच्या गतीनें सरकतांना क्लच फार वेळ घसरत राहतो. म्हणून शर्यतीच्या मैदानावर टिकणारा क्लच शहराच्या गर्दींत लवकर संपतो.

आपल्या लोकांस या जातीच्या गाडीची ओळख विशेषतः सचिन तेंडुलकर यांच्यामुळें झाली. २००२ साली त्यांनीं कसोटी सामन्यांतील २९ शतकांच्या डॉन ब्रॅडमन यांच्या संख्येशीं बरोबरी केली. त्या निमित्त फियाट कंपनीतर्फे मायकेल शूमाकर यांच्या हस्तें त्यांना फेरारी ३६० मोडेना ही मोटार देण्यांत आली. ३६० मोडेना ही पेडलाच्या क्लचसह किंवा एफ-वन नांवाच्या स्वयंचलित योजनेसह, अशी दोन्ही प्रकारें मिळत असे. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका उद्योजकानें विकत घेतली. अशी एफ-वन योजनेची जुनी गाडी घेणारा जाणता मनुष्य रंग व चाकें पाहून थांबत नाहीं. तो तपासणीचें यंत्र जोडून क्लच शेंकडा किती झिजला आहे, हें संगणकास विचारतो. चालकाच्या पायास जें पूर्वीं आपोआप कळे, तें आतां गाडीच्या संगणकास कळतें; पण कोणी विचारल्याखेरीज तो तें सहसा सांगत नाहीं.

तरी कांहीं खुणा यंत्रावांचूनही कळतात. ॲक्सिलरेटर दाबतांच इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं. चढावर जळकट वास येतो. निघतांना गाडी थरथरते किंवा हिसका देते. गियर पडण्यास विलंब लागतो. या खुणा दिसूं लागल्यावर चालढकल केली तर अस्तर संपून रिव्हेटा फ्लायव्हीलला घासूं लागतात, आणि एका प्लेटेच्या ऐवजीं फ्लायव्हीलही बदलण्याची पाळी येते.

बदलण्याचें काम असें चालतें. ३६० मोडेनासारख्या गाडींत इंजिन बैठकीच्या मागें व त्याच्याही मागें गियरबॉक्स असतो. क्लच या दोहोंमध्यें. म्हणून गियरबॉक्स सोडवून मागें घ्यावा लागतो. मग प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकदमच बदलतात, कारण स्वस्त भाग वांचविण्यासाठीं तीच मेहनत पुन्हां करणें शहाणपणाचें नव्हे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा आहेत काय हें पाहतात. शेवटीं जें काम उरतें तें पान्ह्याचें नव्हे : नव्या क्लचची पकड नेमकी कोठें सुरू होते, हें संगणकास शिकवावें लागतें. तें न केलें तर संगणक जुन्या प्लेटेच्या मापानें नवी प्लेट चालवितो, व ती अल्पावधींत घासून टाकतो. परदेशी गाडीच्या बाबतींत हा खर्च लाखांच्या घरांत जातो.

गॅरेजांत शिकूं पाहणाऱ्या मुलांस येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पूर्वीं क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुष्कळ वर्षांनीं कर्करोग होऊं शकतो, आणि जुन्या प्लेटेचें अस्तर कशाचें आहे हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. म्हणून क्लचच्या घरांतील काळी धूळ हवेच्या नळीनें उडवूं नये किंवा कोरड्या फडक्यानें झाडूं नये. ती ओल्या कापडानें पुसावी व तोंडावर योग्य मुखवटा बांधावा. गाडीची प्लेट बदलतां येते, फुप्फुसें बदलणें तितकें सोपें नाहीं.

कोणी पालक म्हणतील, "फेरारीशीं आम्हांस काय कर्तव्य?" त्यांस सांगणें असें कीं, २०१४ साली मारुति सेलेरियो या लहान गाडींत हीच युक्ति भारतांत आली, व पुढें अनेक कंपन्यांनीं ती उचलली. तिला एएमटी म्हणतात. पेडल नाहीं म्हणून क्लच नाहीं असें पुष्कळांस वाटतें, तो असतो. २००८ च्या फेरारी कॅलिफोर्नियामध्यें व २०१४ च्या लॅम्बोर्गिनी हुराकानमध्यें दोन क्लचांची योजना आली. पण घसरण्याचा नियम तिलाही लागू आहेच.

तेव्हां अशा गाडीच्या मालकानें पुढील गोष्टी पाळाव्या. चढावर थांबतांना ब्रेक लावावा, ॲक्सिलरेटरनें गाडी तोलूं नये. गर्दींत इंच-इंच न सरकतां पुढें पुरेशी जागा होऊं द्यावी व मग एकदम निघावें. फाटकापाशीं बराच वेळ थांबावें लागल्यास गियर काढून ठेवावा. चढावर उलट गियरांत गाडी वारंवार मागें-पुढें करूं नये. जुनी गाडी घेतांना क्लचची तपासणी करून मगच पैसे मोजावे.

विद्यार्थी मित्रहो, यंत्रानें आपला डावा पाय मोकळा केला, हें त्याचे उपकारच होत. परंतु पायाबरोबर आपली समजही मोकळी सोडून दिली, तर तें यंत्र तिची किंमत वसूल केल्यावांचून राहत नाहीं. ज्यास क्लच कसा झिजतो हें ठाऊक आहे, तो पेडल नसलेल्या गाडींतही तो जपून वापरील. ज्यास ठाऊक नाहीं, त्यास लाखांची गाडीही फार दिवस पुरणार नाहीं.