गुरगुरीच्या आधीचे क्षण

कुत्रा अन्नाच्या वाडग्यापाशी गुरगुरतो, तेव्हा त्या आवाजाच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते. माणूस जवळ येऊ लागला की खाण्याचा वेग वाढतो, मान वाडग्यावर अधिक झुकते, अंग ताठते, चघळणे मध्येच थांबते आणि डोके न हलवता डोळे तेवढे बाजूला वळल्यामुळे बुबुळाशेजारचा पांढरा भाग कोरीसारखा दिसू लागतो; एवढे होऊनही माणूस मागे सरला नाही, तर बहुधा गुरगुर निघते. या प्रसंगाला ‘कुत्रा मालकावर वर्चस्व गाजवू पाहतो’ असे नाव देण्याची प्रथा अजूनही दृढ आहे, आणि हे नाव इतके झटपट दिले जाते की आधीची सगळी चिन्हे न पाहताच सुटून जातात.

ती सुटू नयेत म्हणून वर्तनशास्त्राने पाहण्याची एक शिस्त घडवली आहे. निरीक्षक प्रथम वर्तनसूची तयार करतो, म्हणजे प्राण्याच्या प्रत्येक हालचालीची हेतूचा आरोप न करता केलेली नोंदयादी. तीत ‘रागावला’ असे न लिहिता ‘ओठ वर ओढले, कान मागे गेले, शेपूट ताठ व उंच’ असे लिहावे लागते. जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये निरीक्षणपद्धतींची जी चिकित्सा केली, तिच्यातून एकच प्राणी निवडून ठरावीक वेळ फक्त त्याच्याकडे पाहण्याची रीत रूढ झाली. या रीतीचे मोल मोठे आहे, कारण भांडण नजर खेचून घेते आणि शांतपणे वाट देणे, हुंगून पुढे जाणे किंवा तोंड फिरवणे यांची नोंद राहून जाते. मग कळपात फक्त भांडणेच होतात असा ग्रह होतो.

वर्चस्वाच्या लोकप्रिय सिद्धान्ताचा पाया अशाच एका अपुऱ्या चित्रावर उभा आहे. ‘वर्चस्व’ ही संकल्पना मुळात थोर्लेइफ श्येल्डरूप-एबे यांच्या कोंबड्यांवरील अभ्यासातून 1920 च्या दशकात पुढे आली. तिचा अर्थ दोन प्राण्यांमधला संबंध असा होता, एखाद्याचा स्वभाव असा नव्हे. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांचा अभ्यास केला आणि 1947 मध्ये तो प्रसिद्ध केला. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही दुसऱ्यापासून दूर निघून जाण्याची सोय नव्हती. अशा कोंडीत दिसलेली चढाओढ ही लांडग्यांची प्रकृती मानली गेली, आणि डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या ग्रंथामुळे ‘अल्फा’ म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणारा लांडगा, ही कल्पना सर्वदूर पोहोचली. कॅनडाच्या उत्तरेकडील एल्स्मियर बेटावर 1986 पासून अनेक उन्हाळे मुक्त लांडग्यांच्या सहवासात काढल्यावर मीच यांनीच 1999 मध्ये मांडले की नैसर्गिक कळप हा बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो, आणि तेथे नेतृत्व म्हणजे पालकत्व. आपल्याच जुन्या ग्रंथाविरुद्ध जाहीरपणे उभे राहण्याचे हे धैर्य विज्ञानात दुर्मीळ आहे.

तोवर ‘अल्फा’ची कल्पना घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचली होती. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट मठाच्या साधूंनी 1978 च्या पुस्तकात कुत्र्याला बळाने उताणे पाडून दाबून धरण्याचा उपाय सांगितला; पुढील आवृत्तीत त्यांनी तो मागे घेतला, तरी उपाय टिकून राहिला. शेंकेल यांनी 1967 मध्ये शरणागतीच्या वर्तनाची फेरमांडणी केली होती आणि उताणे पडणे ही त्या प्राण्याने आपण होऊन केलेली, सलोखा मागणारी कृती असल्याचे दाखवले होते. तिचे मूळ पिल्लाला आईने चाटून स्वच्छ करण्याच्या प्रसंगात आहे. आपखुशीची कृती बळजोरीने करवून घेतली, तर कुत्र्याला तिच्यात केवळ हल्ला दिसतो. मेगन हेरॉन व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वर्तनसमस्येसाठी पशुवैद्यकांकडे आलेल्या मालकांपैकी ज्यांनी असे उताणे पाडून पाहिले होते, त्यांच्यातील 31 टक्क्यांनी कुत्र्याकडून आक्रमक प्रतिसाद मिळाल्याचे सांगितले. मारणे किंवा लाथ घालणे यांबाबत हे प्रमाण 43 टक्के होते. ही कुत्री आधीच अडचणीतली होती हे खरे, पण उपायांची गरजही अशाच कुत्र्यांना असते.

गुरगुरीला शिक्षा केल्याने होणारे नुकसान याहून खोल आहे. शिक्षेने भीती कमी होत नाही, फक्त इशारा देणे थांबते, आणि मग ‘काही सूचना न देता चावला’ अशी तक्रार येते. म्हणून जाणकार प्रशिक्षक कुत्रा अजून सैलपणे खात असतो तेवढ्या अंतरावर थांबतात, तेथून वाडग्यातल्यापेक्षा चविष्ट तुकडा टाकतात आणि मागे सरतात. माणसाचे येणे म्हणजे काही गमावणे नव्हे, हे कुत्र्याच्या अनुभवात रुजले की अंतर कमी करता येते. कुत्रा स्पर्श केल्यावर एकाएकी गुरगुरू लागला असेल, तर कान, दात आणि सांधे यांची पशुवैद्यकीय तपासणी आधी करणे आवश्यक असते.

याचा अर्थ कुत्र्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काहीच नसते, असा मात्र घेता येत नाही. रोममधील मुक्त कुत्र्यांच्या गटात संशोधकांना वयानुसार चढती श्रेणी आढळली, आणि गट बहुधा त्यांच्या मागे जाई ज्यांना इतर कुत्री शेपूट हलवत, तोंड चाटत सलोख्याने अभिवादन करीत. पश्चिम बंगालमधील मुक्त कुत्र्यांच्या दीर्घ अभ्यासात नात्यातल्या माद्या एकमेकींच्या पिल्लांची राखण करताना, प्रसंगी त्यांना दूधही पाजताना दिसल्या आहेत. महाराष्ट्रातील शहरांच्या गल्ल्यांत वर्तनसूचीची हीच शिस्त वापरून पाहणाऱ्याला भाकरीचा तुकडा, मोटारीखालची सावली आणि पिल्लांची जागा या तिन्ही ठिकाणच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण तुकड्यावरून दुसऱ्या कुत्र्यापुढे मागे सरणारी कुत्री पिल्लांपाशी त्याच कुत्र्याला एक पाऊलही पुढे येऊ देईल, असे गृहीत धरता येत नाही.