पगारातून सायकल : इंग्लंडमधील एका करसवलतीचा परिचय

सायकल आणि आयकर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, असे मला गेल्या वर्षापर्यंत वाटले नव्हते. सायकल आमच्या घरात होती, आयकर नव्हता. अर्थशास्त्राच्या तासाला ‘सार्वजनिक आयव्यय’ शिकताना सरांनी सांगितले की, सरकार हाताने देते ते अनुदान आणि घ्यायचे सोडून देते ती सवलत. पण तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही खर्चच. अमेरिकेतील कायदेपंडित स्टॅन्ली सरे यांनी १९६७ साली अशा सवलतींना ‘कर-खर्च’ असे नाव दिले. या खर्चाचे एखादे उदाहरण शोधून आणा, असे सरांनी सुचविले. मी शोधू लागले आणि ब्रिटनमधील ‘सायकल टू वर्क’, म्हणजे ‘सायकलने कामावर’, ही योजना हाती लागली. तिचा परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

लोकांनी मोटारी घरी ठेवून कामावर सायकलने जावे, म्हणजे रस्त्यावरची गर्दी व धूर कमी होईल आणि प्रकृतीही सुधारेल, हा योजनेचा हेतू. टोनी ब्लेअर पंतप्रधान आणि गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना १९९९ च्या वित्त कायद्याने ती सुरू झाली. मालकाने नोकराला एखादी वस्तू वापरायला दिली तर एरवी तो लाभ धरून त्यावर कर लागतो. सायकल आणि हेल्मेट, दिवा, कुलूप यांसारखे तिच्या सुरक्षिततेचे सामान यांना या कायद्याने त्या करातून मुक्त केले.

व्यवहार कसा होतो ते पाहू. नोकर दुकानात जाऊन सायकल पसंत करतो. तिची किंमत मालक भरतो आणि सायकल नोकराला वापरायला देतो. त्याच्या बदल्यात नोकर आपल्या पगाराचा काही भाग, बहुधा १२ महिने, सोडून देतो. ‘सोडून देतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हा हप्ता पगार हातात आल्यावर कापला जात नाही. मूळ पगारच तेवढा कमी ठरविला जातो. जो पगार मिळालाच नाही त्यावर कर कसा लागणार? म्हणून आयकर वाचतो आणि तेथे ‘नॅशनल इन्शुरन्स’ नावाची जी सक्तीची विमा-वर्गणी असते तीही वाचते.

एक हिशेब मांडते. समजा, सायकल सामानासह ६०० पौंडांची आहे. दरमहा ५० पौंड पगार सोडायचा. इंग्लंडमध्ये २०२५-२६ या वर्षात सर्वसाधारण नोकरदाराला आयकर २० टक्के आणि विमा-वर्गणी ८ टक्के होती; दोन्ही मिळून २८ टक्के. म्हणजे ५० पौंडांपैकी १४ पौंड तसेही सरकारकडेच जाणार होते. त्याच्या हातात येणारा पगार ३६ पौंडांनीच घटतो. वर्षअखेर त्याचे ४३२ पौंड गेले आणि १६८ पौंड वाचले. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याला वरच्या उत्पन्नावर आयकर ४० टक्के आणि वर्गणी २ टक्के. त्याला तीच सायकल ३४८ पौंडांत पडते. त्याचे २५२ पौंड वाचतात. मालकाचाही तोटा नाही. नोकराच्या पगारावर त्यालाही वर्गणी भरावी लागते आणि तिचा दर एप्रिल २०२५ पासून १५ टक्के झाला. पगार ६०० पौंडांनी कमी झाला की त्याचे ९० पौंड वाचतात.

येथे वाचक विचारतील, वर्ष संपल्यावर सायकल कोणाची? ती मालकाचीच राहते. करमुक्ती ‘वापरायला देण्या’ला आहे, ‘वस्तू देऊन टाकण्या’ला नाही. वर्षअखेर सायकल तुझीच होईल असे वचन आधीच दिले, तर तो विक्रीचा व्यवहार ठरतो आणि सवलतीचा पायाच जातो. म्हणून मुदत संपल्यावर नोकराने ती बाजारभावाने विकत घ्यावी, असा मार्ग ठेवला आहे. हा बाजारभाव किती धरावा याचा तक्ताच तेथील करखात्याने दिला आहे. मूळ किंमत ५०० पौंड वा अधिक असेल तर एक वर्षाच्या सायकलीला २५ टक्के, चार वर्षांच्या सायकलीला ७ टक्के.

आता गंमत पाहा. ६०० चे २५ टक्के म्हणजे १५० पौंड. सर्वसाधारण नोकरदाराने १६८ वाचविले आणि त्यातले १५० परत दिले, उरले १८! म्हणून पुष्कळजण दुसरी वाट धरतात. ७ टक्के म्हणजे ४२ पौंड अनामत ठेवून सायकल आणखी तीन वर्षे भाड्याने वापरतात. चार वर्षांनी तिचा भावच तेवढा उरतो आणि अनामतीत ती आपली होते. या वाटेने त्याचे १२६ पौंड खरोखर वाचतात.

आणखी काही अटी आहेत. योजना सर्व नोकरांना खुली हवी, फक्त साहेबांना नव्हे. सायकलीचा निम्मा तरी वापर कामावर जाण्यायेण्यासाठी हवा. मात्र त्याची रोजची नोंद ठेवावी लागत नाही. मुदतीपूर्वी नोकरी सोडली तर राहिलेले पैसे शेवटच्या पगारातून एकदम कापले जातात. सुरुवातीची बरीच वर्षे व्यवहारात १,००० पौंडांची मर्यादा पाळली जाई. २०१९ साली सरकारने नवे मार्गदर्शन देऊन तीही मोकळी केली. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या महागड्या सायकलीही घेता येऊ लागल्या. ३,००० पौंडांच्या अशा सायकलीवर ४२ टक्क्यांच्या अधिकाऱ्याचे १,२६० पौंड वाचतात. म्हणजे ज्याचा पगार मोठा आणि सायकल महाग, त्याला सरकारची मदत जास्त.

हे सारे मी एका रविवारी घरी समजावून सांगत होते. आमचे आण्णा जिनिंगमध्ये हमाली करतात. सात किलोमीटर जाणे, सात किलोमीटर येणे, सायकलवर. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, “आन् ज्याला करच नाही, त्याला काय गं मिळतं?”

मला उत्तर आले नाही. पुस्तक उघडून पुन्हा बसले तेव्हा दिसले की, प्रश्न त्यांनी विचारला त्याहूनही अवघड आहे. इंग्लंडमध्ये कायद्याने किमान वेतन ठरलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरील कामगाराला ते तासाला १२.२१ पौंड होते. पगार सोडून देण्याचा करार केल्यावर कोणाचाही पगार या रेषेखाली जाता कामा नये, असा नियम आहे. मग जो कामगार नेमका या रेषेवर उभा आहे, त्याला सोडायला काही उरतच नाही. आठवड्याला साडेसदतीस तास काम करणाऱ्या अशा कामगाराचे वर्षाचे उत्पन्न सुमारे २३,८०० पौंड होते. १२,५७० पौंडांपुढे आयकर लागतो, म्हणजे तो वर्षाला सुमारे सव्वादोन हजार पौंड कर भरतो. आणि तरीही सवलतीच्या दारात त्याला प्रवेश नाही! त्याच्या रक्षणासाठी बांधलेली भिंतच त्याच्या आड आली. शिवाय जे कोणाच्याच पगारावर नाहीत, जे स्वतंत्र धंदा करणारे म्हणून गणले जातात, त्यांनाही या योजनेत जागा नाही.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो जुनाच आहे. मालकाने नोकराला सायकलीसाठी बिनव्याजी रक्कम आगाऊ द्यावी आणि हप्त्याने कापून घ्यावी. तेथील नियमांप्रमाणे १०,००० पौंडांपर्यंतच्या अशा कर्जावर कर नाही; आणि आगाऊ दिलेल्या रकमेचा हप्ता कापल्याने किमान वेतनाचा भंगही होत नाही. कर वाचत नाही हे खरे. पण एकरकमी पैसे नसणाऱ्याची खरी अडचण सुटते.

या उपायाला आपल्याकडे एक साधा शब्द आहे : उचल. आण्णांची सायकल उचलीवरच आली. मालकाकडून चार हजार घेतले. दर आठवड्याला दोनशे कापून वीस आठवड्यांत फेडले. व्याज लागले नाही. पण त्या वीस आठवड्यांत दुसऱ्या ठिकाणी रोजाला पन्नास रुपये जास्त मिळत होते, तेथे त्यांना जाता आले नाही. उचल फिटल्याशिवाय पाय निघत नाही. इंग्लंडमधील नोकराचे राहिलेले पैसे शेवटच्या पगारातून एकदम कापतात, त्याचीही गोष्ट थोडीफार अशीच. तेव्हा उचल ही काही निर्मळ दया नव्हे, हेही मी येथे नमूद करते. ती कायद्याच्या चौकटीत, लेखी आणि सोडून जाण्याची मोकळीक ठेवून मिळाली पाहिजे.

अशी चौकट आपल्याकडे होतीही. केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांना सायकलीसाठी आगाऊ रक्कम मिळत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ साली ती बंद झाली. रक्कम अगदी लहान होती. पण ती माणसाच्या कराकडे पाहून नव्हे, त्याच्या गरजेकडे पाहून मिळत होती.

इंग्लंडच्या योजनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मोटार परवडणाऱ्या माणसाला सायकलकडे वळविणे हेही चांगलेच काम आहे. परंतु सायकलवर जाणारे दोन प्रकारचे असतात. एक मोटार सोडून सायकल घेणारा आणि दुसरा पायी चालणे सुटावे म्हणून सायकल घेणारा. करसवलत पहिल्याला गाठते. दुसऱ्याला उचलच गाठते. कोणतीही सवलत वाचताना ‘किती टक्के’ याच्याआधी ‘कोणाला’ हे विचारावे, एवढे मी या अभ्यासातून शिकले. हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असावा. मला तो आमच्या ओसरीवर, चौथी शिकलेल्या आण्णांनी शिकविला.